छठीचे झबले

“सदर बालकाचा मृत्यू, मातेने संस्थेच्या अनुज्ञेवाचून झबल्याच्या आत घातलेल्या नव्या, असंस्कारित कापडाच्या अंगड्यामुळे त्वचेतून विकार शिरून उद्भवलेल्या काविळीने झाला. संस्थेच्या कपाटातील झबली स्वच्छ, मऊ आणि शुद्ध सुती असल्याची समितीने प्रत्यक्ष खात्री करून घेतली आहे. सबब यापुढे नवजात बालकाच्या अंगालगतचे वस्त्र निवडण्याचा अधिकार केवळ संस्थेच्या परिचारिकेस राहील.”

बाई खोरशेदबानू सुवावडखान्याच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष काचेच्या चौकटीत घालून दारातच टांगलेला होता. बाळंतपणासाठी पाऊल आत टाकणाऱ्या प्रत्येक बाईने तो वाचूनच पुढे जावे अशी योजना होती. वाक्ये तीन आणि समितीचे सभासदही तीन, हा योगायोग नव्हे. पहिले वाक्य डॉक्टर नादरशांचे, दुसरे कापडाचे व्यापारी फरामरोज शेठ यांचे आणि तिसरे गायकवाडीतून निवृत्त झालेले फौजदार सोराबजी यांचे. प्रत्येकाने आपापल्या धंद्याचा माल दिला होता.

पहिल्या वाक्यातला वैद्यकाचा भाग फार थोडा आहे. नव्या कापडाने अंगाला पुरळ उठते, खाज सुटते, फार तर मूल रात्रभर रडते. नव्या कापडाने कावीळ होत असती, तर दर पतेतीनंतर सारे पारशी आणि दर दिवाळीनंतर उरलेला गुजरात पिवळा पडला असता. हे शाळकरी पोरालाही सुचले असते. डॉक्टरांना सुचले नाही असे मानणे हा त्यांच्या पदवीचा अपमान होईल.

दुसरे वाक्य मात्र अक्षरशः खरे होते, आणि अनर्थ तिथेच होता. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतो. खऱ्या वाक्याशेजारी खोटे वाक्य बांधले की तेही तसेच रवंथ करू लागते. कपाटातली झबली खरोखरच मऊ होती. ती वडीलधाऱ्यांच्या जुन्या सुदऱ्यांतून शिवलेली असत. अंगालगत घालायचा तो पवित्र मलमलीचा सदरा वर्षानुवर्षे अंगावर आणि धुण्यात झिजला की जो मऊपणा येतो, तो कुठल्याही गिरणीला साधत नाही. फरामरोज शेठांनी एक झबले गालाला लावले, डोळे मिटले आणि “लोणी आहे, लोणी” असा अभिप्राय दिला. त्या लोण्याला वास येत होता. तो तिघांनाही आला होता. निष्कर्षात त्याचा उल्लेख नाही, कारण त्या गावात डांबरगोळ्यांचा वास हा वास म्हणून धरलाच जात नसे. ती सुगृहिणीची खूण होती. ज्या घरात पेटी उघडताच डोळ्यांत पाणी येई, त्या घराची सून मुलींना दाखला म्हणून सांगितली जाई.

तिसऱ्या वाक्याला पुराव्याची गरज नव्हती. तो हुकूम होता.

ज्या मातेवर हा ठपका होता, ती तेहमी. माहेर भडोचचे, नवरा एरच पोस्टात, आणि डॉक्टर नादरशा हे नवऱ्याचे सख्खे काका. पहिल्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा तिने बाळासाठी जे अंगडे शिवले होते, त्यात तिच्या आईने तिला शिकवलेले सारे शहाणपण उतरले होते. तान्ह्या मुलाचे आतले कापड कसे निवडावे, यावर तिच्या आईची मते अगियारीतल्या दस्तुरजींच्या मतांपेक्षा ठाम होती. मलमल नवी असली तर खळ जाईपर्यंत धुवायची आणि सावलीत वाळवायची. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे आत गुळगुळीत राहते. बटण नको, बंद हवेत, आणि तेही कुशीला, पाठीला नाहीत, कारण मूल दिवसभर पाठीवर असते. गळा पुढून उघडा, म्हणजे डोक्यावरून ओढावे लागत नाही. शेवटी कापड हाताने पाहायचे नाही, हात कामाने निबर झालेले असतात, ओठांवरून फिरवायचे. ओठाला अडले नाही तर बाळाला अडणार नाही. तेहमीने हे सारे केले. मग तिला सांगण्यात आले की छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, बाळाच्या अंगावर कपाटातलेच झबले चढते. आधी नुसते गुंडाळून ठेवतात.

कपाटातल्या झबल्यांबाबत सुवावडखान्याचा एक नियम होता, आणि तो लिहिलेला नसल्यामुळे कधी मोडला जात नसे. झबले घालण्यापूर्वी धुवायचे नाही. ज्या सज्जनाने तो सुदरा आयुष्यभर घातला, त्याच्या बंदगीचा, प्रार्थनेचा अंश सुतात उरतो, आणि पुन्हा धुतले तर तो पाण्याबरोबर वाहून जातो, अशी तिथली समजूत. म्हणून कपाटातून निघालेले झबले तसेच, घडीच्या खुणांसकट, नुकत्याच तेल चोळलेल्या अंगावर चढे. बंदगीचा अंश किती उतरत असेल ते सांगता येत नाही. दुसरे जे उतरत असे, ते नेमाने उतरत होते.

छठीच्या दिवशी परिचारिका पाठमोरी झाली तेव्हा तेहमीने झबल्याचे बंद सोडले आणि आत आपले अंगडे घातले. वास तिला सोसवेना एवढेच कारण. तिने बंड केले नव्हते; बाळाच्या आणि त्या वासाच्या मध्ये एक पदर असावा असे तिला वाटले होते. त्या रात्री विधात्री येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात. पुढे जे झाले ते पाहता, तिने ते काम समितीवर सोपवले असावे.

मूल पिवळे पडले. आधी डोळे, मग छाती, मग तळवे. दूध ओढेना. नादरशा रोज येत, पापणी उलटून पाहत आणि नवजाताची कावीळ साधी असते म्हणून सांगत. नंतर त्याचे रडणे बदलले. ते बारीक, उंच, मांजराच्या पिल्लासारखे झाले. मग पाठीची कमान होऊ लागली. झबले बदलताना परिचारिकेला आतले अंगडे सापडले आणि तिने ते चिमटीत धरून, मेलेला उंदीर न्यावा तसे, डॉक्टरांकडे नेले. दुसऱ्या दिवशी मूल गेले.

त्या सुवावडखान्यात याआधीही मुले गेली होती. मुलीही पिवळ्या पडत, पण बहुतेक सावरत, मुलगे जात. यावरून गावाने काढलेले अनुमान असे की मुलग्यांना नजर लवकर लागते. कुणाचे मूल थंडीने गेले, कुणाचे आईच्या दुधाने, कुणाचे सासूने पाय न धुता उंबरा ओलांडल्याने. कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. पण तेहमीच्या बाबतीत प्रथमच हातात धरून दाखवता येईल असे काही सापडले होते, आणि गावाने ते घट्ट धरले.

तिने स्वतःही धरले. निष्कर्ष तिला तोंडपाठ झाला. आपल्या हातांनी धुतलेल्या, ओठांवरून फिरवलेल्या कापडाने आपल्या मुलाचा जीव घेतला, हे ती चुलीपाशी, विहिरीपाशी स्वतःला सांगत असे. सासू जरबाई टोमणे मारी तेव्हा तिला एक प्रकारे बरेच वाटे. “भडोचची शिवण,” जरबाई शेजारणींना म्हणे, “टाका उसवत नाही, माणूस उसवतो.” पुन्हा दिवस राहिले तेव्हा तेहमी अगियारीत गेली, चंदनाची काठी दिली आणि मनातल्या मनात नवस बोलली की या मुलाच्या अंगाला कपाटातल्या झबल्यावाचून दुसरे सूत लागू देणार नाही. शिवणाची पेटी तिने मोलकरणीला देऊन टाकली.

सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. नादरशा मुंबईला गेले होते, म्हणून एरच तिला सुरतेच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. जाताना तिने पेटीतली चांगली साडी नेसली. तिथल्या डॉक्टर कुमुद देसाईंनी रक्तदाब पाहण्यासाठी तिचा हात धरला आणि नाकाला पदर लावला. तेहमीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“ही साडी कशात ठेवली होती?” डॉक्टरांनी विचारले.

तेहमीने सांगितले: पेटीत, डांबरगोळ्या घालून, आमच्याकडे सगळेच तसे ठेवतात. यावर डॉक्टरांनी एक भलताच प्रश्न केला. माहेरी कुणाला, भावाला किंवा मामाला, हिवतापाच्या गोळ्या खाऊन चहासारखी लघवी झाली होती का? झाली होती. होमी मामाला. ती गोष्ट भडोचच्या घरात अजून हसण्यावारी सांगितली जाई. मामाने चहा प्यायला नाही, गाळला, असे म्हणत. डॉक्टर हसल्या नाहीत.

त्यांनी जे सांगितले ते साधे होते. काही घराण्यांच्या, आणि पारशांत जरा जास्तच घराण्यांच्या, रक्तात एक उणीव असते. ती आईकडून येते आणि मुलग्यांना भोवते. अशा माणसाला एरवी काही होत नाही. पण काही औषधे आणि डांबरगोळीची वाफ लागली की त्याचे रक्त फुटू लागते. मोठा माणूस लाल लघवी करून उठून बसतो. तान्ह्याचे मात्र यकृत कच्चे असते, पिवळेपणा साठत साठत मेंदूत जातो. गोळ्यांत ठेवलेले कापड न धुता, न वाळवता घातले की पुरे. अंगाला तेल असले की आणखी लवकर.

“पहिल्याला काय घातलं होतं?” डॉक्टरांनी विचारले.

तेहमीने उत्तर म्हणून निष्कर्षच म्हणून दाखवला, तिन्ही वाक्ये, एका दमात, शाळेत कविता म्हणतात तशी.

डॉक्टरांनी लेखणीला टोपण लावले. “हे लिहिणारे डॉक्टर आहेत?”

“आमचे काकाजी आहेत.”

“मग बाई, त्यांना हे ठाऊक असायला हवं. मी काही वेगळं सांगत नाहीये. तुमच्याच मुंबईच्या डॉक्टरांनी हे केव्हाच छापलंय. मी त्यांचं वाचूनच शिकले.”

परतीच्या गाडीत एरच खिडकीबाहेर पाहत होता आणि तेहमी मांडीवरच्या हातांकडे. मलमलीचा एक पदर वाफेला अडवत नाही, हे तिला आता कळत होते. पण त्या मुलाच्या आणि त्या विषाच्या मध्ये कुणीही जे काही घातले होते, ते तेवढेच होते. तेच काचेत टांगलेले होते. आणि दोन महिन्यांनी तिच्या पोटातले मूल त्याच काचेखालून आत जाणार होते, तिच्याच नवसाने.

तिला एकच गोष्ट हवी होती: या मुलाच्या अंगाला पहिले काय लागेल, ते तिने ठरवावे. एरच म्हणाला, सुरतेलाच बाळंत हो. पण सुरतेला हो नाहीतर विलायतेला, छठीला काकाजींच्या हुकमाने झबले कपाटातलेच येणार हे दोघांनाही ठाऊक होते. चाळीस दिवस बाळंतीण वेगळी, मूल दुसऱ्यांच्या हाती, आणि ते हात कुणाचे हे तिसऱ्या वाक्याने ठरवून टाकले होते. घरात काकाजींचा शब्द मोडायचा तर आधी काकाजी मोडायला हवे होते, आणि एरचला ते जमण्यासारखे नव्हते. त्याला नेहमीप्रमाणे वाटले की काकाजींना विचारले म्हणजे झाले. त्यांना ठाऊक नसेल. ठाऊक असते तर ते बोलले नसते का?

जरबाईने सगळे ऐकून घेतले. ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती.

“आमच्या सात पिढ्या या वासात वाढल्या,” ती म्हणाली. “तेव्हा कुणाचं रक्त फुटलं नाही. सुरतेची पोरगी बोलली आणि हिचं फुटलं.”

तेहमीने विचारले, माय, तुमचे किती वाढले?

हे विचारायचे नसते. एरचच्या आधी जरबाईचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. तिने सुपातला खडा उचलून दाराबाहेर फेकला. “गेले. मी काय कुणाच्या नावाने शंख केला? देणाऱ्याने दिले, नेणाऱ्याने नेले. झबल्याला बोल लावायची अक्कल आम्हाला नव्हती, बाई. आता सगळ्यांनाच ते मानवतं असंही नाही म्हणा. नादरच्या लेकीचा, दिनूचा मुलगा तुझ्याच्या मागोमाग महिन्याभरात झाला ना? त्याची कातडी नाजूक, म्हणून नादरने मुंबईहून विणलेली बनियनं मागवली. आणली, गरम पाण्यातून काढली, गच्चीवर उन्हात घातली. छठीलाही तीच. कपाटातलं झबलं नुसतं लांबून दाखवलं, शकुनापुरतं. नादर स्वतः दारात उभा होता, कुणी आत नेऊ नये म्हणून. किती जीव त्याचा नातवावर. आणि पोरगं बघ कसं...”

तिचे बोट तांदळात तसेच राहिले.

एरच काहीतरी बोलू लागला. जरबाईने त्याला हाताने गप्प केले. मग उठली, सूप तसेच ठेवून आतल्या खोलीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला होता आणि पायांत सपाता घातल्या होत्या. समितीची बैठक आहे का आज, एवढेच तिने विचारले.

होती. सुवावडखान्याच्या वरच्या दालनात, दात्यांच्या तसबिरींखाली, तिघे चहा पीत बसले होते. नादरशा त्याच सकाळी मुंबईहून परतले होते. परिचारिका कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून दाराशी उभी होती. आठव्या महिन्याकडे झुकलेली सून, तिच्या मागे सासू आणि सर्वांच्या मागे एरच, अशी ती वरात पाहून फरामरोज शेठांना मौज वाटली.

“ये, डिकरी, ये. आता बायका आम्हाला कापड शिकवणार. दुकानात बसतेस का माझ्या? गिऱ्हाईक तरी वाढेल.”

तेहमीने उभ्यानेच सांगितले की तिला निष्कर्षातले तिसरे वाक्य काढून हवे आहे आणि कपाट रिकामे करून हवे आहे. सुरतेला जे ऐकले ते तिने क्रमाने सांगितले. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिघांची सोय झाली असती. फरामरोज शेठांनी कपाटातल्या मालाची पुन्हा एकदा वाहवा केली. फौजदार सोराबजींनी नवी काही तक्रार असल्यास लेखी द्यावी असे सुचवले. नादरशांनी चष्मा पुसला. ते कधीच रागावत नसत. त्यांचा सौम्यपणा गावात प्रसिद्ध होता. दुःखी मातेला कारण हवे असते, ते म्हणाले, आणि आजकालच्या मुली चार पाने वाचून ते पुरवतात. प्रत्येक पारशी घरात गोळ्या आहेत. मग प्रत्येक पारशी मुलगा मेला असता. तेहमी, तुझी मी कीव करतो, रागावत नाही. घरी जा, पाय वर करून झोप.

युक्तिवाद देखणा होता. त्यात एकच खोट होती, ती अशी की तो करणाऱ्याला त्याचे उत्तर येत होते.

“काकाजी,” तेहमी म्हणाली, “दिनूच्या मुलाला छठीला काय घातलं होतं?”

नादरशांनी पेला उचलला. मुलाची कातडी नाजूक होती, ते म्हणाले.

“कातडी मीच पाहिली होती,” मागून जरबाई म्हणाली. “पहिली अंघोळ मी घातली त्याला. चांगली होती कातडी. नादर, दारात का उभा होतास तू?”

खाली कुठेतरी एक मूल रडत होते, भुकेचे, ठणठणीत. फरामरोज शेठ हसायच्या बेतात होते, ते तसेच राहिले. सोराबजींनी आयुष्यभर माणसे बसवून त्यांना बोलते केले होते, आणि गप्प बसलेल्या माणसाची जात त्यांना कळत असे. निष्कर्षाचे तिसरे वाक्य त्यांचेच होते. ते आपण कुणासाठी लिहिले, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरताना दिसला. त्यांनी चहा बाजूला सारला, समोरचा कोरा कागद ओढला आणि लेखणी शाईत बुडवली. ते नादरशांना अरेतुरे करीत. या वेळी केले नाही.

“डॉक्टर, बाईंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या.”

नादरशा तेहमीकडे बघत नव्हते. ते परिचारिकेच्या कमरेच्या किल्ल्यांकडे बघत होते. तिने त्या काढून टेबलावर ठेवल्या आणि ती दोन पावले मागे सरकली. मग ते बोलले, आवाज न बदलता, एखाद्या रोग्याच्या नातेवाइकांना पथ्य समजावून द्यावे तसे. सोराबजींनी ते जबानी घ्यावी तसे उतरून घेतले आणि एक अक्षर इकडचे तिकडे होऊ दिले नाही:

“हो, ठाऊक होतं. मुंबईला डॉक्टरांच्या सभेत ऐकलं होतं, एरचचा मुलगा व्हायच्या आधी. म्हणून दिनूच्या मुलाला मी त्या कपाटाजवळ नेऊ दिलं नाही. कपाट रिकामं करा म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, का? मग आधीची मुलं कशाने गेली तेही सांगावं लागलं असतं, आणि त्यांच्या दाखल्यांवर सही माझी आहे. तेहमीने आत अंगडं घातलंय हे नर्सने येऊन सांगितलं, तेव्हा मूल जिवंत होतं. मुंबईला नेऊन रक्त बदललं असतं तर कदाचित वाचलंही असतं. पण ते अंगडं हातात घेतलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, कारण सापडलं.”